चित्रावर हात

धानाचे पऱ्हे, लावणीची रोपं, पिवळे पडले ते औषध मारल्याच्या पाचव्या दिवशी. चार दिवस महागू म्हणत होता, पावसानं ओढ दिली म्हणून टोकं वाळलीत, पाणी आलं की हिरवे होतील. पाचव्या दिवशी पाणी आलं, सकाळभर झोडपलं. दुपारी तो बांधीत, धानाच्या शेतात, गेला, वाकला, धानाचं एक रोप उपटून बोटांत चोळलं. कुजक्या सुतळीसारखं ते हातातच विरलं. त्यानं दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. मग थांबला, कारण वाफाभर सगळी रोपं तशीच होती.

दीड एकराला लागणारे पऱ्हे होते. हिरडीटोल्यात बाकीच्यांच्या बांध्या चिखलून तयार होत्या, रोवण्याला, रोपांच्या लावणीला, बायांच्या टोळ्या लागल्या होत्या. नव्यानं बी टाकायचं तर रोप वीतभर व्हायला तीन आठवडे. तोवर अर्धा श्रावण जातो, आणि अर्ध्या श्रावणात लावलेल्या धानाचा दाणा भरायच्या वेळी थंडी पडते आणि लोंबी पोचट राहते. हे महागूला कोणी शिकवलं नव्हतं. पण ते त्याला येत होतं.

घरी येऊन तो पाय न धुताच आंगणात बसला. त्याच्या बायकोनं, मैनाबाईनं, त्याचे चिखलानं भरलेले पाय पाहिले आणि काय झालं ते समजली.

"दुकानदारानं खराब दवाई देल्ली," महागू म्हणाला.

पऱ्ह्यातलं तण मारायला औषध त्यानं यंदा पहिल्यांदाच आणलं होतं. दरवर्षी मैनाबाई आणि पोरगी मयुरी बसून तण उपटत. यंदा मैनाबाईचा गुडघा सुजला, म्हणून कटंगीहून दोन बाटल्या आल्या. एक पऱ्ह्यासाठी, एक धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवतासाठी. दोन्ही हिरव्या, दोन्हींना पांढरं झाकण. त्यातली पऱ्ह्यांवर मारलेली बाटली कवेलूच्या वळचणीला खोचलेली होती. मैनाबाईनं ती काढली आणि दुसऱ्या दिवशी पदराखाली झाकून शाळेत नेली.

गाव मध्य प्रदेशातलं, शाळा हिंदी. तिथं ती स्वयंपाक करायची. बचत समूहातल्या दोघी, ती आणि ललिता, साठ पोरांची डाळ-भात-भाजी रांधत. तेजराम गुरुजी व्हरांड्यात खुर्ची टाकून मोबाईलवर हजेरीचे फोटो चढवत होते. रोवण्याच्या दिवसांत निम्मी पोरं येत नाहीत. फोटो मात्र सगळ्यांचा लागतो, म्हणून ते कोन बदलून बदलून काढत होते.

"गुरुजी, हे वाचून देजा जरा."

गुरुजींनी बाटली फिरवली. "अरे बाई, ये तो मेड़ पर मारने का है. जो हरा दिखा, सब जला देता है. देखो, लाल अक्षर में लिखा है ना, धान की फसल पर न डालें." मग वर पाहिलं. "किसी ने डाल दिया क्या?"

मैनाबाईनं बाटलीसाठी हात पुढं केला.

"घर में पढ़ने वाली लड़की है, उससे पढ़वा लेते."

तिनं बाटली परत पदराखाली घेतली. त्या दिवशी डाळीला मीठ दोनदा पडलं. पोरांनी खाल्लं. सरकारी डाळीबद्दल कोणी तक्रार करत नाही.

संध्याकाळी महागू विळ्याला धार लावत होता.

"लाल अक्षरात लिवलं हाय म्हने," मैनाबाई म्हणाली. "पऱ्ह्यावर टाकू नका म्हनून. तुमी मारायच्या आधी कोनाले इचारलं नाही काय?"

"इचारलं ना."

"कोनाले?"

"घरातच हाय ना वाचनारी," महागू विळ्यावरून नजर न उचलता म्हणाला. "दोन्ही बाटल्या पोरीच्या समोर ठेवल्या. म्हनलं, पऱ्ह्याची कोनती? तिनं वाचलं आन् बोट ठेवलं. गूळ खाऊन वाचनारी हाय तुही पोरगी. मी तं अडानी मानूस."

गुळाचं असं होतं. मैनाबाईला अक्षर येत नव्हतं आणि ते न येणं तिला चपलेत अडकलेल्या काट्यासारखं बोचायचं. दोन वर्षं झाली, रोज दिवेलागणीला ती चुलीपुढं भाकरी थापायची आणि मयुरी बाजूला बसून धडा वाचायची. धडा न अडखळता संपला की गुळाचा खडा. मयुरी अडखळत नसे. खणखणीत वाचायची, हिंदी वाचायची, साहेबाच्या पोरीसारखी. मैनाबाईला अर्धं समजायचं नाही, पण ऐकताना तिचा हात भाकरीवर हलका पडायचा. विहिरीवर ती बायांना सांगायची, "मही मयुरी पाचवीत हाय, पन सातवीचं वाचते." सातवीचं पुस्तक तिनं कधी पाहिलं नव्हतं.

आता भाकरी थापता थापता तिनं पोरीला हाक मारली. मयुरी आली. अकरा वर्षांची, हातापायाच्या काड्या, डोळे खाली.

"पुस्तक आन."

मयुरीनं आणलं. कोपरे मुडपलेलं, गुळाचे चिकट डाग पडलेलं.

"वाच."

"एक तालाब था," मयुरी सुरू झाली. "तालाब के किनारे एक बगुला खड़ा था. बगुला बोला, आज मछली कहाँ गई..."

तोच खणखणीत आवाज. मैनाबाई तिच्या तोंडाकडं पाहत नव्हती, डोळ्यांकडं पाहत होती. डोळे ओळीवर नव्हतेच. ते पानाच्या वरच्या भागात होते, जिथं बगळ्याचं रंगीत चित्र होतं. मैनाबाईनं पुस्तक ओढून घेतलं, पाचदहा पानं एकदम उलटली आणि नव्या पानावरच्या चित्रावर पिठाचा हात पालथा ठेवला.

"आता वाच."

मयुरी हाताकडं पाहत राहिली.

"वाच ना वं."

"आई, हात काढ."

"काहून?"

"हात काढ ना, आई."

मैनाबाईनं हात काढला आणि त्याच हातानं सराटा, भाकरी उलटायचं उलथणं, उचलला. पाठीवर दोन, पिंढरीवर एक. पोरगी ओरडली नाही. चुलीवरची भाकरी जळाली. महागू विळा घासत राहिला. मारून झाल्यावर मैनाबाईचा श्वास वर आला होता आणि तिला कळत नव्हतं की आपण नेमकं कशासाठी मारलं. धानासाठी, की दोन वर्षं जे ऐकलं त्यासाठी.

दुसऱ्या दिवशी तिनं गुरुजींना विचारलं.

"शुरू से ऐसी ही है," गुरुजी म्हणाले. "सुन-सुन के रट लेती है. दिमाग तो तेज है."

"मंग काल तिच्याकडून वाचून घ्या काहून म्हनले? आन् तिले स्टार काहून देत होते?"

गुरुजींनी मागच्या वर्षी बालाघाटला तीन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं होतं. पोरं शिकावीत म्हणून त्यांचा उत्साह कसा वाढवायचा, असा विषय होता. तिथलं जेवण चांगलं होतं, असं ते अजून सांगत. तिथून आल्यापासून ते लाल पेननं पोरांच्या मनगटावर स्टार काढायचे. जो न थांबता वाचेल त्याला स्टार. जो थांबेल त्याला नाही. मयुरीच्या मनगटावर सगळ्यांत जास्त स्टार असायचे.

"ऊपर से आदेश है, बच्चे का मन नहीं दुखाना," गुरुजी म्हणाले. "पर इस साल बोर्ड है पाँचवीं का. फेल होगी तो मैं कुछ नहीं कर सकता. घर में ध्यान दो थोड़ा."

"ध्यानच तं देत होती," मैनाबाई म्हणाली आणि तांदूळ धुवायला गेली.

महागूनं त्याच दिवशी नागपूरला बहिणीला फोन लावला. ज्योत्स्नाला सहा महिन्यांचं लेकरू होतं, दोघं नवराबायको कामाला जायची आणि लेकरू धरायला माणूस हवं होतं. ती उन्हाळ्यापासून मयुरीला मागत होती आणि मैनाबाई म्हणत होती, पोरगी हुशार हाय, शिकन. आता महागूच म्हणाला, "पोळ्याले ये आन् घेऊन जा. इथं चित्रं पाहाले ठेवून काय करू? तिकडं लेकरू तं धरन."

पोळ्याला चाळीस दिवस होते.

पऱ्ह्यांसाठी महागू तीन दिवस गावभर फिरला. ज्याचा रोवणा संपतो त्याच्याकडं थोडे पऱ्हे उरतात, ते मागणाऱ्याला द्यायचे आणि मागणाऱ्यानं त्याच्या बांधीत राबून फेडायचं, अशी रीत. पण यंदा पावसाच्या ओढीनं सगळ्यांचेच ओढाताणीचे झाले होते. उरले होते एकीकडंच. खालच्या टोल्यातली लीलाबाई. तिनं दुबार बी टाकलं होतं.

खालचा टोला बौद्धांचा. महागूच्या घरानं तिथं कधी पाणी घेतलं नव्हतं.

"मी नाही जात तिथं," महागू म्हणाला.

"मंग धान खाऊ नका वरसभर," मैनाबाई म्हणाली आणि पोरीला घेऊन निघाली.

लीलाबाई आंगणात बसून पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधत होती. साठीची, आडव्या बांध्याची, रोवणाऱ्या टोळीची मुख्य. डोळे बारीक करून तिनं वर पाहिलं.

"कोन हाय?"

"मी मैना. महागूची."

"बस." तिनं पोतं सरकवलं. "पानी नाही देत तुले. तू घेनार नाही, मंग मले राग येईन. राग आला का मी पऱ्हे देत नाही. काम सांग."

मैनाबाईनं सांगितलं. बाटलीचं सांगितलं, पोरीचं सांगितलं नाही. पण मयुरी मागं उभी होती, मान खाली घालून, आणि गावात काही झाकून राहत नाही.

"सहा दिवस रोवण्याले या," लीलाबाई म्हणाली. "मायलेकी दोघी. सातव्या दिवशी तुमच्या बांधीपुरते पऱ्हे खनून न्या."

"हिनं अजून रोवून नाही पाह्यलं."

"मंग शिकन. काय आभायातून शिकून येते काय कोनी?"

रोवण्याला बाया एका ओळीत उभ्या राहतात. प्रत्येकीच्या वाट्याला हातभर रुंदीचा पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. डाव्या हातात पेंडी, उजव्या हाताच्या तीन बोटांनी चिखलात रोप खोचायचं, एक पाऊल मागं. लहान पोरी असल्या की त्या पेंड्या फेकतात, पाणी आणून देतात. मयुरीही पेंड्या उचलायला धुऱ्याकडं वळली.

"कोठी चालली?" लीलाबाई ओरडली. "इकडं ये. ही तुही पात."

तिनं पोरीला आपल्या आणि मैनाबाईच्या मधात उभं केलं. पोरगी वाकली. पहिली दहा रोपं पाण्यावर तरंगली. मैनाबाई तोंड उघडणार तेवढ्यात लीलाबाईनं, स्वतःची पात न थांबवता, तिरका हात टाकून त्यातली पाच खोचली. मैनाबाईला समजलं. उरलेली पाच तिनं खोचली. दोघी तसंच करत राहिल्या. पोरगी मागं पडली की दोन्हीकडून हात यायचे, तिची पात भरून द्यायचे आणि परत जायचे. ना कोणी शाबास म्हटलं, ना हसलं. बाया आपापलं बोलत होत्या. कोणाची सून, कोणाची म्हैस, उकव्याच्या खाणीत कोणाचा पोरगा लागला.

दुपारपर्यंत मयुरीची बोटं पांढरी सुरकुतली. संध्याकाळी तिला सरळ उभं राहता येईना. घरी ती भिंतीला धरून जेवली. तिसऱ्या दिवशी मैनाबाईनं तिरका हात टाकला आणि पोरीनं तो कोपरानं बाजूला केला.

"राहू दे. मही पात हाय."

पुस्तकाचं प्रकरण दुसऱ्या दिवशीच सुरू झालं होतं. दुपारच्या सुट्टीत बाया धुऱ्यावरच्या मोहाखाली शिदोऱ्या सोडत. लीलाबाई जरा लांब, सगळ्यांकडं पाठ करून बसायची. मैनाबाईनं पाहिलं, म्हातारी टोपल्यातून प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला जाड ग्रंथ काढते, नाकाला लावते, लांब धरते, उन्हाकडं फिरवते आणि परत गुंडाळते.

त्यांच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने रोज ग्रंथ वाचतात, घरागणिक पाळी. लीलाबाई चाळिसाव्या वर्षी अक्षर शिकली होती, आणि तेव्हापासून तिनं एकही पाळी चुकवली नव्हती. यंदा डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कोणाला सांगितलं नव्हतं. तिची पाळी पुढच्या आठवड्यात होती.

तिनं मयुरीला हाक मारली. "ये पोरी. तुले वाचता येत नाही म्हन्ते गावातले."

मयुरीची मान गेली खाली.

"मान काहून टाकतं? मले दिसत नाही. मी टाकली काय मान? हे पाय, मले अक्षर समजते पन दिसत नाही. तुले दिसते पन समजत नाही. दोघी मिळून एक मानूस होते. सांग, या ओळीत पयलं काय हाय?"

"मले नाही येत."

"नाव नको सांगू. दिसते कसं ते सांग. गाय कशी दिसते सांगतं का नाही? तसं."

मयुरीनं बराच वेळ पाहिलं. मैनाबाईचा घास हातात राहिला.

"काठी हाय एक," मयुरी म्हणाली. "काठीच्या दोन्ही बाजूले कान हाय."

"क! पुढं."

"दोन काठ्या. पयलीच्या बुडाले गाठ."

"ग? का म? गाठीपासून आडवी रेघ जाते काय दुसऱ्या काठीले?"

मयुरीनं ग्रंथ डोळ्यांजवळ नेला. "जाते."

"मंग म. वर काही हाय? टोपी, छत्री?"

"काही नाही. मंग एक काठी, तिच्या डाव्या बाजूले लोंबी वाकल्यावानी."

"त? न?"

"न कसा असते?"

"सुईत दोरा ओवल्यावानी. सरळ आडवा, टोकाले गाठ."

"नाही. वाकलं हाय. खाली गेलं हाय."

"मंग त," म्हातारी म्हणाली. "कमत? कमत काय असते? चुकलं कुठी तरी आपलं. पुन्हा पाय. पयलं पाय."

मैनाबाई बघत होती की आता पोरगी पळते. पोरगी पळाली नाही. ती ग्रंथावर वाकली, बोट ठेवलं आणि म्हणाली, "थांबा, आजी. कान एकाच बाजूले हाय. डावीकडचं गोल आन् मधात तिरपी रेघ हाय. कान नव्हता तो."

"ब नसन? गोल, मधात रेघ, बाजूले काठी?"

"हौ! ब. कान मीच जोडला."

"बमत? तेही नाही जमत." म्हातारी हसायला लागली. तिचे उरलेले चार दात दिसले. "काय बावळट दोघी आपुन! भात खाऊ. मंग पाहू."

मयुरीही हसली. मैनाबाईनं पोरीला पुस्तकापाशी हसताना पहिल्यांदा पाहिलं. तिला बरं वाटायला हवं होतं, पण तिला आठवला तो दोन वर्षांचा गूळ.

सहाव्या दिवसापर्यंत तसंच चाललं. तिसऱ्या दिवशी एक ओळ सुटली. पाचव्या दिवशी चार. चुकलं की लीलाबाई म्हणायची, "चुकलं काय? बरं झालं, आता ते अक्षर भुलनार नाही." मयुरी चालता-चालता बोलू लागली. बिजलीच्या खांबावरची पाटी पाहून म्हणायची, "आई, तो ख हाय." तुमसरला जाणारी बस रस्त्यावरून गेली की कपाळाला हात लावून काचेवरचं वाचायची, तेवढ्यात बस निघून जायची, आणि मग ती चिडायची.

एका संध्याकाळी वाटेत मैनाबाईनं विचारलंच. "गुरुजीजवळ पाच वरसं गेली, मह्याजवळ दोन. तवा काहून नाही शिकली वं? म्हातारीनं तुले काय देल्लं?"

मयुरीनं वाटेतलं डबकं ओलांडलं.

"काही नाही देल्लं." मग म्हणाली, "गुरुजीले तं सगळं माहीतच रायते, आई. मंग काहून इचारते? आजीले खरंच नाही दिसत."

पुढच्या दिवशी दुपारी, सगळ्या बायांसमोर, मैनाबाई लीलाबाईच्या गडव्यातलं पाणी प्यायली. मैनाबाईच्या टोल्यातली रीना टक लावून पाहत होती. लीलाबाई फक्त म्हणाली, "अर्धं ठेव. मलेही प्याचं हाय."

सातव्या दिवशी पऱ्हे आले, तरी मयुरी आजीकडं जात राहिली. रीनानं ते महागूपर्यंत पोचवलं, आणि सोबत अजून थोडं. "भाऊजी, तुमची पोरगी त्यायची पोथी वाचते म्हने. बाटली वाचता आली नाही, पोथी वाचते."

महागू घरी येऊन जेवायला बसला आणि ताटली सरकवली. "उद्यापासून पोरगी तिथं नाही जाची."

"बरं," मैनाबाई म्हणाली. "मंग लावलेले पऱ्हेही उपटू आन् वापस करू. तेही त्यायचेच हाय."

लीलाबाईच्या पऱ्ह्यांनी दीड एकर बांधी त्याच सकाळी हिरवी झाली होती. महागूनं ताटली परत ओढली.

लीलाबाईची पाळी झाली. मैनाबाई विहाराच्या आत गेली नाही, बाहेर चिंचेखाली उभी राहिली. आतून म्हातारीचा आवाज येत होता, मधेच बारीक कुजबूज, मग परत म्हातारीचा आवाज. वाचन संपल्यावर लीलाबाई सगळ्यांपुढं म्हणाली, "आता मले दिसत नाही. ही पोरगी सांगते, मी वाचते. कोनाले हसायचं असन त्यानं हसून घ्या." कोणी हसलं नाही.

बरं, म्हणून पोरगी हुशार झाली, असं काही नाही. पाचवीचं पुस्तक तिला अजून झेपत नव्हतं. शाळेत ती अडखळत वाचायला लागली, म्हणून गुरुजींनी तिला स्टार देणं बंद केलं. "पहले तो अच्छा पढ़ती थी," ते मैनाबाईला म्हणाले. "अब बिगड़ गई है."

पोळ्याला ज्योत्स्ना आली. लेकरू काखेत, मयुरीसाठी नवा फ्रॉक, प्लास्टिकची चप्पल. बैल नसलेल्या घरात पोळा लवकर आटोपतो. मयुरीनं दोन दिवस आत्याचं लेकरू धरलं. चांगलं धरलं. तिसऱ्या दिवशी सकाळची बस होती.

त्याच सकाळी महागू बांधीत उतरला. उशिरा लागलेल्या धानात खोडकिडा शिरला होता. मधली पानं वाळून पांढरी पडत होती, ओढली की पुंगळीसारखी सुटून हातात येत होती. औषध आदल्या दिवशीच आणलं होतं. फवारणीच्या पंपात त्यानं पाणी भरलं, पंप पाठीवर घेतला, आणि मैनाबाईला म्हणाला, "बाटली आन. झाकण उघडून दे."

घर बांधीला लागूनच होतं. बाटली ओट्यावर होती. ज्योत्स्ना पिशवी आवळत होती. मयुरी नवा फ्रॉक घालून ओट्यावर उभी होती, चप्पल पायात. मैनाबाई उठायच्या आत तिनं बाटली उचलली.

"ठेव ते," ज्योत्स्ना म्हणाली. "फ्रॉकले लागन."

बाटलीवर धानाच्या लोंबीचं पिवळंजर्द चित्र होतं. मयुरीनं डाव्या हाताचा पंजा त्या चित्रावर ठेवला. घट्ट, खालचं काही दिसणार नाही असा. आणि उजव्या हाताचं बोट अक्षरांखाली.

"धा... न. धान," ती म्हणाली. "के... त... ना. तना."

"आन ना वं!" महागू बांधीतून ओरडला. पंपाचे पट्टे त्याच्या खांद्यात रुतत होते.

मयुरी धुऱ्यावर गेली. बाटली तिनं छातीशी धरली होती.

"बाबा, हे धानाचं हाय असं वाटते. पन पुढं एक अक्षर हाय, ते मले येत नाही."

महागू तिच्याकडं वळला. पाच वर्षांत, दोन बाटल्यांपुढं, मनगटभर स्टार असताना, पोरीच्या तोंडून 'येत नाही' हे त्यानं ऐकलं नव्हतं.

"दुकानदारानं सांगतलं मले," तो म्हणाला, पण हळू.

"तवाही सांगतलं होतं." मयुरीनं बाटली मागं घेतली. "टाकू नका, बाबा. मी आजीले इचारून येते. कसं दिसते ते सांगते, ते नाव सांगन. मंग टाका."

"अन् बस?" ज्योत्स्ना ओट्यावरून ओरडली. "साडेनऊची बस हाय, दादा! खालच्या टोल्यापर्यंत जाऊन कवा येईन ते? बस जाईन ना!"

मैनाबाई दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही, पोरीकडंही नाही. बांधीतल्या पांढऱ्या पडलेल्या पानांकडं पाहत होती.

पंपात वीस लिटर पाणी होतं. महागूनं पट्टा एका खांद्यावरून सरकवला, परत जागेवर घेतला.

"जाऊ दे," तो म्हणाला.

मयुरीनं चपला काढून धुऱ्यावर ठेवल्या, कारण चिखलात त्या पळू देत नाहीत. मग ती खालच्या टोल्याकडं पळाली, एका हातात बंद बाटली, दुसरा हात अजूनही चित्रावर. महागू बांधीत पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभा राहिला. पंप त्यानं खाली ठेवला नाही.